तिसऱ्या मजल्यावरचा कळप

"त्रिंबकरावांनी तिसऱ्या मजल्यावर चोरून मेंढरू पाळलंय," असे सिडकोतले शेजारी म्हणत असत. दर रविवारी दुपारी त्यांच्या बंद दारातून "हुर्र! फिर मागं!" अशा आरोळ्या येत. एरवी हा पदवीधर अधिकारी जिन्यात भेटला, तर मान लववण्यापलीकडे बोलत नसे. सोसायटीच्या सचिवांनी एकदा नळ तपासण्याच्या निमित्ताने येऊन पलंगाखालीही वाकून पाहिले.

मेंढरे होती, पण टीव्हीच्या पडद्यावर. मेहुणा रामेश्वर करमाडच्या घराची रंगरंगोटी होईपर्यंत आपला व्हिडिओ गेमचा डबा त्यांच्याकडे ठेवून गेला होता. त्यातला अग्निमुख नावाचा राक्षस त्रिंबकरावांच्या हातून काही केल्या मरेना. त्यांनी सर्वांत जड तलवार मिळवली. ती उचलेपर्यंत राक्षस त्यांना भाजून मोकळा होई. मग भक्कम चिलखत घेतले, तर त्यांचा योद्धा वरातीतल्या घोड्यासारखा चालू लागला.

खरा उपाय मोबाइलवरच्या प्रत्येक व्हिडिओत सांगितला होता. राक्षस जवळच्या कळपातले मेंढरू खायला मान खाली घालतो. तेव्हा मानेवर घाव घालावा. लहान पोरेही तेवढ्यावर जिंकत. पण त्रिंबकरावांचे बालपण लासूर स्टेशनजवळच्या माळावर मेंढरांमागे गेले होते. राक्षस कळपाकडे वळला की त्यांचा अंगठाही तिकडेच वळे. मेंढरे खडकाआड हाकेपर्यंत मागून जाळ येई. भविष्यनिर्वाह निधीचे नियम तोंडपाठ असलेला आपल्यासारखा माणूस रंगीत ठिपक्यांची राखण करतो, याची त्यांना मनापासून लाज वाटे. पुढच्या डावात पुन्हा तेच.

अखेर रामेश्वर डबा न्यायला आला.

"दाजी, शेवटचा डाव घ्या. आज मारलंच पायजे त्याला."

त्रिंबकरावांनी मन दगडासारखे केले. त्या दिवशी ते खरोखरच चांगले लढले. राक्षस एका घावावर येऊन ठेपला. तेवढ्यात मागे राहिलेल्या एका कोकरावर त्याने मान झुकवली.

"हाणा दाजी! खाऊ द्या त्याला, तुमी हाणा!"

"हुर्र!" त्रिंबकराव ओरडले. कोकरू खडकाआड गेले. मागून जाळ आला, आणि योद्ध्याची राख झाली.

रामेश्वर कपाळाला हात लावून वायरी गुंडाळू लागला. ताटे मांडता मांडता रत्नमालाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "मागल्या रविवारी चार वाट्या मटणाचा रस्सा वरपला. तवा नाय आली व्हय मेंढराची दया?"

त्रिंबकराव पाटावर बसले आणि ताट पुढे ओढून म्हणाले, "ते बाजारातून आणलेलं व्हतं. हे माझ्या राखणीतलं. वाढ आता."