अण्णाला ओलांडताना

कानडी मुलखात, राजाजीनगरातल्या आमच्या मराठी घरी आडव्या झालेल्या माणसाला ओलांडायची सक्त मनाई होती. चुकून पाय लागलाच तर लगेच वाकून नमस्कार. या संस्कारांनी माझ्या रग्बीचं पार वाटोळं केलं.

नव्वदच्या दशकात मी आणि माझा थोरला भाऊ, अण्णा, एकाच संघात खेळायचो. त्या दिवसांसाठी अजून जीव तुटतो. बॉल घेऊन घुसणं हे अण्णाचं काम. त्याला पाडलं की तो पडल्या पडल्या हात लांब करून बॉल आमच्या बाजूला ठेवायचा. मग मी मागून धावत जायचं, कंबरेत वाकायचं आणि समोरच्याला खांद्यानं मागे रेटायचं, म्हणजे बॉल आमच्याकडेच राहतो. याला रक म्हणतात. काही अवघड नाही. फक्त पडलेल्याच्या अंगावरून जावं लागतं.

मला तेवढंच जमेना. तांबड्या मातीत पडलेला अण्णा दिसला की माझे पाय आपोआप वळायचे आणि मी बाजूनं शिरायचो. तसं शिरणं नियमात बसत नाही. शिट्टी व्हायची, बॉल त्यांना मिळायचा. लागोपाठ तीन सामने हेच झाल्यावर कप्तान भडकला. पुन्हा असं केलंस तर तिथल्या तिथे बाहेर काढीन, म्हणाला.

नेमका पुढचा सामना अण्णाचा शेवटचा होता. मस्कतची नोकरी पक्की झाली होती. मला तो सामना पूर्ण त्याच्याबरोबर खेळायचा होता. हारजीत गेली खड्ड्यात.

आदल्या संध्याकाळी अण्णा मला गच्चीवर घेऊन गेला आणि सरळ फरशीवर आडवा झाला.

"हं, ओलांड."

"अण्णा, आई बघेल."

"बघू दे. स्वल्प वाक आणि ये. तू थांबलास तर ते लोक माझ्या बरगड्या मोडतील."

मी त्याला वीस-पंचवीस वेळा ओलांडलं. दर वेळी मनातल्या मनात नमस्कार करत होतो.

सामन्यात तो पडला आणि मी सरळ गेलो. माझ्या बुटाचे खिळे त्याच्या पाठीला घासले. ते मला कळलं, तरी रेटत राहिलो. बॉल आमचाच राहिला. खालून अण्णा ओरडला, "सरी! बरोबर! अस्संच!" त्याचा इतका खूश आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

गेला तो तिकडचाच झाला. मी आणखी दोन वर्षं खेळलो. कितीतरी जणांना बेधडक ओलांडलं, एकदाही शिट्टी नाही. कप्तान खूश होता. मी मात्र दर वेळी खाली बघायचो, आणि पाय अडखळावेत असं कोणीच तिथे पडलेलं नसायचं.