लेझरला न चाललेले डोळे

किन्हवलीच्या पुढे, डोंगराला लागून असलेल्या पाड्यावरची हर्षाली मेंगाळ धावायला लागली की मुरबाडच्या मैदानावरची मुलंसुद्धा मागे पडत. तिला वनरक्षक व्हायचं होतं. पण आश्रमशाळेत असताना लागलेल्या चष्म्याची काच दरवर्षी जाड होत गेली होती. गेल्या भरतीत मैदान तिने सहज मारलं आणि डोळ्यांच्या तपासणीत ती बाहेर पडली. चष्मा काढल्यावर तिला तक्त्यावरचं सगळ्यात वरचं अक्षर तेवढं दिसलं.

भरतीची तयारी करून घेणारे सुदाम सर म्हणाले, "लेझर करून घे. आपल्या दोन पोरांनी केलं, आज ड्युटीवर हायत. दहा मिनिटांचं काम."

हर्षालीने त्या दोघांना गाठून सगळं विचारलं. दुखतं का, धूळ कधी चालते, किती दिवसांनी पळता येतं, नंबर परत येतो का. दोघांचंही सुरळीत झालं होतं, त्यामुळे उत्तरंही सुरळीतच मिळाली. मग मुरबाडच्या कारखान्यात औषधी गोळ्यांची पाकिटं तपासायचं काम करून तिने पैसे साठवले आणि आई सोमीला घेऊन कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली.

तिथल्या डॉक्टरबाईंनी भलतंच विचारलं. "नंबर गेल्या वर्षभरात बदलला का? डोळे चोळतेस का?"

"लय चोळते," सोमीच बोलली. "लहानपणापास्ना. खाजच सुटते तिला."

मशीनवर डोळ्यांचा नकाशा निघाला. मधे खालच्या बाजूला लाल डाग होता. बाईंनी त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "बुबुळावरचा पारदर्शक पडदा इथे पातळ झालाय आणि पुढे येतोय. लेझर हाच पडदा घासून नंबर घालवतं. तुझ्याकडे घासायला जागाच नाही. केलं तर आहे ती नजरही जाऊ शकते. आधी हे वाढणं थांबवायला हवं. त्यासाठी औषधाचे थेंब टाकून किरण देतात."

"मग चष्मा जाईल?"

"नाही. तो राहणारच."

बाहेर येऊन हर्षाली एसटीच्या बाकावर बसली ती उठेचना. दोन गाड्या गेल्या.

सुदाम सरांनी मात्र हे मानलं नाही. "डॉक्टर घाबरवतात गो. दुसरीकडं दाखव." त्यांनीच सांगितलेल्या मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात तिला लेझरची तारीखही मिळाली. डोक्याला टोपी चढवली, डोळ्यांत थेंब टाकले. तेव्हा तिने तिथल्या डॉक्टरांना कल्याणच्या बाईंचं बोलणं सांगितलं.

"काठावरची केस आहे," ते म्हणाले. "नंबर जाईल. पुढे काही झालं तर त्याची खात्री मी देत नाही. निर्णय तुमचा."

"पुढं म्हंजे कधी?"

"वर्षभरात होईल, किंवा कधीच होणार नाही. सांगता येत नाही."

भरती होण्यापुरती नजर मिळेल, एवढं तिला कळलं. त्यानंतर रानात एकटीने फिरताना वाटच दिसेनाशी झाली तर? तिने टोपी काढून नर्सच्या हातात दिली आणि थेंबांनी धूसर झालेल्या डोळ्यांनी भिंत धरत बाहेर आली.

मैदानावर सुदाम सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ऐनवेळी हगली." ती परत मैदानावर गेली नाही.

कल्याणला जाऊन तिने किरणांचा उपचार घेतला. चार दिवस डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग होत होती. डाव्या डोळ्याचं वाढणं थांबलं. उजव्याला उशीर झाला होता. आता चष्मा लावूनही त्या डोळ्याला एका दिव्याचे तीन दिसतात. कारखान्यात पाकिटं तपासताना चुका व्हायला लागल्या, तेव्हा मुकादमाने तिला खोके उचलायला घातलं.

पाड्यावरच्या बाया विचारतात, "आपरेशन केलंस ना? मंग चष्मा का हाय?" आधी ती समजावून सांगायची. नकाशा, पडदा, सगळं. ऐकणारीच्या चेहऱ्यावरून कळायचं की पोरीचं काहीतरी फसलं, एवढंच तिने धरलंय. डोळे वाचले, हे कुणाला दाखवता येत नाही. कधीकधी तिला स्वतःलाही ते खरं वाटत नाही. लेझर केलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं, आणि ते आता कधीच कळणार नाही.

मैदानावर तिच्या मागे पडणारी सुंदरा, हर्षाली डोळ्यांमुळे बाहेर पडली त्याच भरतीत वनरक्षक म्हणून लागली होती. परवा वणव्याच्या सूचना द्यायला ती खाकी कपड्यांत पाड्यावर आली होती. बाया भोवती जमल्या. सगळं सांगून झाल्यावर तिने सोमीला विचारलं, "हर्षाली हाय का गो, मावशी?"

हर्षाली कुडाच्या भिंतीआड चुलीपाशी बसलेली होती.

"नाय," सोमी म्हणाली. "कामाला गेलेय."

आई आपल्यासाठी खोटं बोलली, हे हर्षालीने ऐकलं. तरी ती उठली नाही. सुंदराची गाडी पाड्याचा उतार उतरून जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली, आणि मग पदराने डोळे पुसत आत आलेल्या आईकडे तिने बघायचं टाळलं.