जुन्या पट्टीवरची नवी तारीख

तारीख मी खोटी घातली. पिशवी सगुणाबाईंची ओतली गेली.

राजगडाखाली, पालीच्या बाजूला एका रिसॉर्टवर मी देखरेखीला होतो. प्रत्येक खोलीत कपाटाच्या वर एक पांढरी पट्टी चिकटवलेली असे. खोलीत कुणी गांजा ओढला की त्या धुराने ती जांभळी पडे. पाहुणे गेले की पट्टी काढायची, नवी लावायची, तिच्यावर त्या दिवसाची तारीख घालायची. काढलेली पट्टी मालकांना दाखवायची. हे काम माझं.

त्या सोमवारी पाच नंबरच्या खोलीतली पट्टी जांभळी दिसली. शनिवार-रविवार तिथे मालकांचे दोस्त उतरले होते. मागे एकदा मी त्यांची तक्रार केली होती. तेव्हा मालक, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, त्यांच्यासमोरच म्हणाले होते, "तुला झाडांना पाणी घालायला ठेवलाय. माझ्या माणसांचा वास घेत फिरायला नाही." दोस्त हसले होते. ते हसणं मला परत नको होतं. मी पट्टी काढलीच नाही. पेन्सिलीची जुनी तारीख खोडली, सोमवारची घातली. मालकांना दुसऱ्याच खोलीची पांढरी पट्टी दाखवली.

शुक्रवारी मालक स्वतः त्या खोलीत गेले, त्यांनी ती जांभळी पट्टी पाहिली.

"सोमवारनंतर खोलीत कोण गेलं?"

खोली बंद होती. माझ्याखेरीज किल्ली एकाच माणसाकडे असायची, झाडलोटीसाठी.

"सगुणाबाई," मी म्हणालो.

एवढंच. एक नाव.

सगुणाबाई वरच्या धनगरवाड्यातल्या. रोज तासभर उतरून यायच्या, तासभर चढून जायच्या. मला दादा म्हणायच्या. मालकांनी त्यांना अंगणात बोलावलं. नवे पाहुणे चहा पीत होते. मालकांनी पिशवी फरशीवर ओतली. फडक्यात बांधलेली भाकरी. मिसरीची डबी. नातीसाठी घेतलेली लाल फणी. मालकांनी डबी हुंगली. मग सगुणाबाईंचे हात हुंगले.

"म्या न्हाई वढत काय बी. इचारा दादास्नी."

"तुमच्या वाड्यावर चिलमी ओढतातच की सगळे."

एक पाहुणी म्हणाली, "मावशी, आम्हालाही सांगा ना, कुठे मिळतो!" सगळे हसले.

सगुणाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी टेबल पुसत होतो. स्वच्छ टेबल.

त्या खाली बसल्या. एकेक वस्तू उचलली. फडकं सुटून भाकरीला लागलेली माती पदराने झटकली. उद्यापासून येऊ नका, हे मालकांनी माझ्याच तोंडून सांगायला लावलं. मी सांगितलं.

आठवडाभरात गोष्ट गावभर झाली. वेल्ह्याच्या एसटीत सगुणाबाई चढल्या तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "आजे, माल हाय का?" सगळी गाडी खिदळली. मी दोन बाकं मागे बसलो होतो. एसटी सुटायच्या आत त्या खाली उतरल्या. ऊन डोक्यावर घेऊन चालत निघाल्या. मी बसूनच राहिलो.

दुसऱ्या दिवशी धनगरवाड्यावर चढून गेलो. त्या शेरडांना पाला टाकत होत्या. मी सगळं सांगितलं.

"मंग तवा का न्हाई बोललासा?"

"भ्यालो."

"म्या बी भ्याले व्हते. पर म्या खरं बोलले."

मी हात जोडले. त्यांनी पाल्यातून मान वर केली नाही.

"हितं शेरडांम्होरं माफी कशाला मागताय? पिशवी कुठं वतली व्हती?"

शनिवारी अंगण पाहुण्यांनी भरलेलं होतं. मालकांचे दोस्तही होते. सगुणाबाई माझ्याबरोबर आल्या. किल्ल्यांचा जुडगा मी आधीच टेबलावर ठेवला.

"अरे, हिला कशाला आणलंस?" मालक म्हणाले.

"मला अरे म्हणू नका. आणि यांना हिला म्हणू नका."

चहाचे कप थांबले. मी मालकांकडे पाठ केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"सगुणाबाई, ती पट्टी या दोस्तमंडळींच्या धुरानं जांभळी झाली व्हती. जुन्या पट्टीवर नवी तारीख म्या घातली. तुमची भाकरी फरशीवर पडली तवा मला समदं ठावं व्हतं, तरी म्या गप ऱ्हायलो. तुमचा गुन्हेगार म्या हाय. माफ करा. न्हाई केलं तरी हेच एसटीत सांगीन, बाजारात सांगीन, जितं कुणी तुमचं नाव घील तितं सांगीन."