आधी समोरच्याचं म्हणणं

यवतमाळच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेणाऱ्या आम्ही बोटांवर मोजण्याइतक्या. साठ सालानंतरची गोष्ट. सर उपनिषदातलं एक वाक्य फळ्यावर लिहीत आणि म्हणत, "अद्वैतवाले यातून जीव आणि ब्रह्म एकच ठरवतात, द्वैतवाले याच वाक्यातून दोघांना वेगळं काढतात. घर एकच, भांडणारी भावंडं!" पण त्यांच्या तासाला भांडायचा कायदा होता. आधी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं, की त्यानं 'हो, हेच' म्हणून मान डोलावली पाहिजे. मगच खंडन. मला भारी राग यायचा. आमच्या घरी ज्याचा आवाज मोठा, तो जिंकायचा! पण जुने आचार्य याच रीतीनं भांडले हे कळलं, आणि त्या माणसांवर माझा जीवच जडला.

बी.ए. झाल्यावर मला पुढं शिकायला नागपूरला जायचं होतं. बाबा कापसाचे दलाल. त्यांनी माझ्यासाठी स्थळं बघायला घेतली होती. एका सकाळी मला घेऊन ते तणतणत सरांच्या घरी गेले.

"पोरीच्या डोक्यात हे काहून भरून राह्यले तुम्ही?"

सरांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं समजलं. आता हिचं म्हणणं सांगा. हिनं मान डोलावली, की तुमचा शब्द शेवटचा."

"त्यात काय! हिले नोकरी कराची हाय."

मी मान आडवी हलवली.

"मैत्रिणी चालल्या म्हून. नाही? मंग लग्न टाळाचं असंल."

मी नाही म्हटलं. भर बाजारात भल्याभल्यांची बोलती बंद करणारे बाबा चहा तसाच टाकून उठले. मला त्यांची दयाच आली.

परतताना रस्त्यात त्यांनी विचारलं, "मंग हाय तरी काय तुह्या मनात?" असं त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं. घर येईपर्यंत मी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन पुन्हा सरांसमोर बसले. "एका वाक्यावरून एवढाली माणसं पिढ्यान्‌पिढ्या भांडली, पण एकमेकाचं ऐकून भांडली. ते भांडण हिले मुळातून वाचाचं हाय. इथं तेवढं शिकवत नाही."

माझे डोळे भरून आले. मी मान डोलावली.

"आता तुमची पाळी," सर म्हणाले. "करा खंडन."

बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"नागपूरची एस.टी. किती वाजता असते, सर?"