संघमित्राची लगोरी

गेमवरचे अभिप्राय वाचायला बसली की संघमित्रा पाच तारे देणाऱ्यांकडे ढुंकूनही बघायची नाही. एकच तारा देऊन शिव्या घालणारा शोधायची आणि त्याचं लिहिणं मला मोठ्यानं वाचून दाखवायची. "ऐका दादा, 'कोण्या गाढवानं बनवला हा गेम?' याचा अर्थ गडी तिसऱ्या फेरीपर्यंत खेळून राह्यला." राग तिला यायचाच नाही. चोराचा माग लागल्यासारखा चेहरा फुलायचा.

परतूरच्या बाजारपेठेत, बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघं मोबाइलवर खेळायची लगोरी तयार करत होतो. कोड तिचा, चित्रं माझी. त्याआधी मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. ती पुण्यातली नोकरी सोडून गावी आली होती. तिचे वडील शिंपी. माणूस 'बाही ढिली करा' म्हणाला की ते आधी त्याला हात वर करायला लावत. पुष्कळदा बाही ठीकच असे, काखेत आवळलेलं असे. पोरगी हे बघत वाढली होती.

गेम आला आणि जो तो एकच लिहू लागला, 'चेंडू फार जोरात येतो, हळू करा.' मी म्हणालो, "करून टाक. दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटांचं आहे म्हणून तर भ्या वाटतं," ती म्हणाली आणि मला घेऊन रेल्वे स्टेशनवर गेली. गाडीची वाट बघणाऱ्यांना ती आमचा गेम खेळायला द्यायची आणि शेजारी गप्प बसून त्यांचे हात बघायची. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "अंगठा बघा, दादा." पळायचं बटण मी अशा जागी काढलं होतं की ते दाबताना अंगठ्याखाली चेंडूच झाकला जायचा. बटण खाली सरकवलं, चेंडूचा वेग तसाच ठेवला. लोकांनी लिहिलं, 'चेंडू हळू केल्याबद्दल आभार.'

"लोकं टोचतंय म्हणत्यात ते बिलकुल खरं असतं," ती म्हणाली. "कुठं टोचतंय, ते आपण बघायचं."

पण पुढची मागणी अशी सुटणारी नव्हती. खेळणाऱ्यांना लगोरीत बंदुका हव्या होत्या. गेम लोकांपर्यंत पोचवणाऱ्या पुण्याच्या कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले, "लोक मागतायत ते द्या. महिनाभरात बदल दिसला नाही तर आम्ही गेम काढून घेऊ."

त्याच आठवड्यात घनसावंगीहून फोन आला. मुरलीधर गुरुजी, पेटी शिकवणारे, जन्मापासून अंध. नात खेळायची तेव्हा ते शेजारी बसून ऐकत. "बाई, मला बी खेळायचंय. चेंडू आला हे आवाजावरून समजतं, कुठून आला ते समजत न्हाई. 'डावीकडून', 'उजवीकडून' असं बोलणारं कुणीतरी बसवा."

संघमित्रानं तो महिना गुरुजींना दिला. मी भांडलो. "अख्खं जग बंदुका मागतंय आणि तू एका माणसासाठी बसलीस?"

"बंदूक आली तर ती लगोरी राहील का, दादा? आन् गुरुजी लगोरीच मागून राह्यले."

बोलणारा आवाज तिनं बसवला आणि आम्ही जीपनं घनसावंगीला गेलो. गुरुजी दर वेळी बाद झाले. 'डावीकडून' हा शब्द पुरा होईपर्यंत चेंडू अंगावर आलेला असायचा. गुरुजी ओशाळले. "मीच चुकीचं मागितलं, बाई."

"न्हाई गुरुजी. तुम्ही बराबर मागितलं, मीच तुमचा शब्द धरून बसले."

तिनं बोलणं काढून टाकलं. आता चेंडूचा सूं असा आवाजच कानातल्या इअरफोनमध्ये डावीकडून नाहीतर उजवीकडून धावत यायचा. आणि गुरुजींनी न मागितलेली एक गोष्ट तिनं केली. लगोरीचे दगड सात. एकेक दगड रचला की एकेक सूर वाजायचा, सापासून नीपर्यंत. किती रचले, किती उरले, हे कानांना कळावं म्हणून.

महिना संपताना तिनं परतूरच्या एका शाळेच्या सभागृहात सामने ठेवले आणि साहेबांनाही बोलावलं. "बंदुका कुठंयत?" त्यांनी आल्या आल्या विचारलं. "आधी एक डाव खेळा, सर," ती म्हणाली आणि त्यांना गुरुजींसमोर बसवलं. दोघांच्या कानांत इअरफोन होते; खेळ भिंतीवर मोठा दिसत होता, आवाज सभागृहभर घुमत होता.

साहेब चांगले खेळायचे. त्यांचे पाच दगड झाले तेव्हा गुरुजींचे तीन होते. मग गुरुजींनी मान किंचित कलती केली आणि ते एकेक चेंडू चुकवत भराभर दगड रचू लागले. म... प... ध... लोक खुर्च्यांवरून उठले. साहेब सहाव्या दगडावर बाद झाले. नी वाजला, गुरुजींची लगोरी पुरी झाली. सप्तक पुरं करणारा वरचा सा तेवढा राहिला होता. तो गुरुजींनी स्वतःच्या गळ्यातून लावला, भरदार, लांब. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. माझ्या शेजारी संघमित्रा दोन्ही हातांनी तोंड झाकून हसतही होती, रडतही होती.

साहेबांनी घाम पुसला. "मला अजून एक डाव पाहिजे," ते म्हणाले. "डोळे बांधून."

बंदुकांचं नाव पुन्हा निघालं नाही. इअरफोन लावून, डोळे मिटून लगोरी खेळायचं वेड इतकं पसरलं की डोळस माणसं स्टेशनवर मिटल्या डोळ्यांनी बसलेली दिसू लागली. आता संघमित्रा पुण्यात गेम बनवणाऱ्या एका मोठ्या चमूची प्रमुख आहे. निघण्याच्या दिवशी तिच्या नव्या ऑफिसातून फोन आला, पहिल्या दिवशी काय काय तयार ठेवू? टेबल, संगणक यांची यादी ते वाचून दाखवत होते.

"ते सगळं नंतर," ती म्हणाली. "आपल्या गेमवर सगळ्यात जास्ती चिडलेला माणूस कुठं राहतो, तेवढं सांगा. आधी त्याच्याकडं जाते."