शेपटीकडे जड

ठोकळ्यांचं विमान उडतं, हे मी आता लोकांना सरळ सांगते. पूर्वी ‘उडायला हवं’ म्हणायचे.

लेक नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिचे लहानपणचे प्लास्टिकचे ठोकळे गोणीभर घरात राहिले. मी वळ गावातल्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला असते. सुट्टीच्या दिवशी मी ते ठोकळे जोडत बसायचे. घरं झाली, ट्रक झाले, मग विमान करायचं ठरवलं. तेही उडणारं.

जाड ठोकळे वजनाला भारी, म्हणून त्यांच्यासोबतच्या भोकांच्या लांब पट्ट्यांचाच सांगाडा केला. पंखांवर पॉवरलूमवरचं पातळ नायलॉनचं कापड ताणून चिकटवलं. मोटर, बॅटरी आणि रिमोट लेकीने ऑनलाइन मागवून दिले.

शेलार गावातल्या आमच्या शेतात भातकापणी उरकली होती. सासरे बांधावर बसले होते. मी विमान हातानेच हवेत सोडलं. ते नाक वर करून चढलं, जागीच थांबलं आणि मागच्या मागे खाली आलं. पट्ट्या शेतभर उडाल्या.

“झाला ना? चल आता घरी,” सासरे म्हणाले.

“बाबा, मोडलं नाहीये. नुसतं सुटलंय.”

दोघांनी तुकडे वेचले. ओढणी पसरून मी तिथेच ते पुन्हा जोडलं. सासऱ्यांनी दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून ते उचललं, तशी शेपटी खाली गेली. तरुणपणी त्यांनी कावडीने भाजी पडघ्याच्या बाजारात नेलेली.

“मागं जड हाय गं. कावड अशी असल तं मानूस चालल का?”

मी बॅटरी दोन भोकं पुढे सरकवली.

“आता?”

“न्हाय. आनखी जरा.”

आणखी एक भोक. विमान त्यांच्या बोटांवर सपाट राहिलं.

या वेळी सोडलं तेव्हा ते आधी सरळ गेलं, मग सावकाश चढलं. रिमोटने मी ते बांधावरून वळवलं, पुन्हा वळवलं. शेजारच्या शेतातल्या बायका डोक्यावरचे भारे उतरवून बघत उभ्या राहिल्या.

“पडत न्हाय!” सासरे त्यांना ओरडून सांगत होते. “आमच्या सुनेनं केलाय!”

तिसऱ्या फेरीनंतर मी ते उतरवलं. एक चाक निखळलं, तेवढंच.

सध्या दोन मोटरींच्या विमानाचं काम चाललंय. त्याचे पंख दारातून बाहेर निघत नाहीत, म्हणून मी ते अंगणातच जोडते.