भेंडीचं पाणी
उसाच्या उकळत्या रसाचा वास आला की मी शिकवायचो तो सातवीचा वर्ग आठवतो. त्या दिवशी पडद्यावर गूळ करण्याचा ऑनलाइन व्हिडिओ लावला होता. रसातली मळी काढायला पावडर घालतात, असं त्यात सांगत होते. गुऱ्हाळवाल्याची मुलगी हात वर करून म्हणाली, “गुरुजी, आमचा बा भेंडीचं पाणी घालतोय की!” मी म्हणालो, “व्हिडिओवाल्यांपेक्षा तुझा बा शहाणा व्हय?” वर्ग हसला, ती खाली बसली. पुढच्या आठवड्यात बिद्रीच्या वाटेवर त्यांच्या गुऱ्हाळावर थांबलो, तर तिचे वडील भेंडीची खोडं ठेचून पाण्यात कालवत होते. माझं नवल बघून म्हणाले, “पोरीनं वर्गात सांगितलं न्हाय व्हय, गुरुजी?” ती शेजारीच उभी होती, तरी मी “नाही” म्हणालो. त्यानंतर वर्गात तिनं कधी हात वर केला नाही. तिनं सांगितलं होतं, हे आज म्हातारपणी लिहितोय. तो वर केलेला हात एकदा तरी पुन्हा दिसावा, असं फार वाटतं.